मूळ गावचा दावा

‘सात पिढ्यांपूर्वी गाव सोडून गेलेला मनुष्य आज गावचा कसा?’ हा प्रश्न अलीकडे मालवण-वेंगुर्ल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या तोंडी वरचेवर ऐकू येऊ लागला आहे. तो विचारण्याची ढबच अशी असते की, उत्तर आधीच ठरून गेले आहे हे ऐकणाऱ्यास कळून चुकावे. या प्रश्नास निमित्त झाले ते मॉरिशसचे. मार्च २०२४ मध्ये त्या बेटाच्या राष्ट्रीय दिनास आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उपस्थित होत्या; त्या भेटीत, भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ म्हणून नोंद करून घेता येईल, असे जाहीर झाले. त्या बेटावर जे मराठी म्हणून ओळखले जातात, त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज आजच्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून आणि तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातून गेलेले. तेव्हा खापरपणजोबांचे नाव आणि एक क्रमांक एवढ्या भांडवलावर मूळ गावाचा ठाव शोधणारा पाहुणा आपल्या दारी आला, तर यापुढे त्यात नवल मानण्याचे कारण उरणार नाही. आणि नेमक्या याच वेळी आपल्यातील काही विद्वान दारात आडवा हात धरून उभे राहिले आहेत.

त्यांचे आक्षेप तीन. पहिला भाषेचा: ज्यांच्या घरात क्रिओल बोलली जाते त्यांना मराठी म्हणावे कसे? दुसरा रक्ताचा: सहा-सात पिढ्यांत कोठकोठली कुळे त्यांच्यात मिसळली असतील, मग मूळचे असे उरले काय? तिसरा हेतूचा: इतकी वर्षे ज्यांना गाव आठवला नाही, त्यांना दाखला मिळू लागताच तो कसा आठवला? हे आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक दिसतात. घेणारी मंडळी शिकलेली असल्यामुळे ते मोठ्या निर्विकार मुद्रेने मांडलेही जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते तिन्ही पोकळ आहेत. आणि ज्या कल्पनेतून ते निघतात ती कल्पना तर आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाशीच बेइमान आहे. वंशपरंपरा ही एक मालमत्ता असून तिची वाटणी गावात उरलेल्यांनी करावयाची, अशी ती कल्पना होय. आमचे म्हणणे असे की, वंशपरंपरा हे ऋण आहे, आणि ऋणाचा निवाडा ते कोण फेडतो यावरून व्हावयाचा असतो.

आक्षेपांचा परामर्श घेण्यापूर्वी आक्षेप घेणारे आपण कोण, हे एकदा पाहून घेतलेले बरे. विजयदुर्गापासून रेडीपर्यंतच्या या चिंचोळ्या पट्टीत ‘आम्ही आरंभापासून येथलेच’ असे अभिमानाने सांगणारी प्रतिष्ठित घराणी किती सापडतील? सारस्वतांना विचारावे, तर ते सरस्वतीच्या तीरावरून निघतात, गौड देश ओलांडतात, परशुरामाच्या मागोमाग गोमंतकात उतरतात, आणि पोर्तुगीज अमदानीत, विशेषतः १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आल्यानंतर, देवाधर्मासाठी घरदार सोडून उत्तरेस व दक्षिणेस पांगतात. या कथेचा आधार म्हणून जे सह्याद्रिखंड पुढे केले जाते, ते जर्सन द कून्या यांनी १८७७ साली संपादून छापले. त्यातील जुना भाग किती व मागाहून घातलेला किती, हा वाद विद्वानांत अद्याप मिटलेला नाही. चित्पावनांची कथा समुद्रातून वाहत आलेल्या चौदा प्रेतांपासून सुरू होते. मराठा घराण्यांपैकी कित्येकांच्या वंशावळी राजस्थानापर्यंत जाऊन पोचतात. कोकणी मुसलमान अरबी व्यापाऱ्यांशी नाते सांगतात, तर येथील ख्रिस्ती कुटुंबांतील पुष्कळांची पाळेमुळे गोव्यात निघतात.

यांतील एकही कथा खोटी ठरविण्याचा आमचा मनोदय नाही. खरे-खोटे काहीही असो. या किनाऱ्यावर ‘आम्ही मूळचे बाहेरचे’ असे सांगण्यात कमीपणा नसून मोठेपणा मानला जातो, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. ज्यांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी गोवा सोडून आले ते आजही कुलदेवतेच्या दर्शनास मंगेशीस किंवा कवळ्यास जातात, आणि तेथे त्यांना कोणी ‘तुम्ही कोण?’ असे विचारीत नाही. शिवाय ज्या देवांच्या दर्शनास ते जातात ते देव तरी मूळ स्थानी कोठे आहेत? मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळोशीहून सोळाव्या शतकातच अंत्रुज महालात आली. भक्त स्थलांतरित, देवही स्थलांतरित, आणि तरीही नाते अभंग! मग जो न्याय कुशस्थळीच्या देवास व त्याच्या मालवणातील भक्तास लागू पडतो, तो मालवणहून मॉरिशसला गेलेल्या मजुराच्या नातवंडांना का लागू पडू नये? चारशे वर्षांचे अंतर आपल्याला चालते, दीडशे वर्षांचे त्यांना चालत नाही, हे कोणत्या गणिताने?

याहून जवळचा पुरावा हवा असल्यास आपण आपली आडनावे उच्चारून पाहावीत. आचरेकर, मसुरेकर, नेरूरकर, वेंगुर्लेकर, पेडणेकर, म्हापसेकर. या ‘कर’ प्रत्ययाचा अर्थ काय? आचऱ्यात राहणाऱ्या माणसास आचऱ्यातच कोणी आचरेकर म्हणून हाक मारण्याचे प्रयोजन नसते. तेथे सगळेच आचऱ्याचे. तो गाव सोडून चार कोस दूर गेला, परक्यांत राहू लागला, म्हणजे मग त्यास आचरेकर हे नाव पडते. म्हणजे आपल्या आडनावांतील हा प्रत्यय गाव सोडल्याची खूण आहे, आणि त्याच वेळी सोडलेल्या गावावरील दाव्याचीही. ज्या समाजाने गाव सोडणाऱ्यांच्या दाव्याची स्वतःच्या नावातच कायमची तरतूद करून ठेवली, त्याने दुसऱ्या कोणाचा तसाच दावा ऐकून भुवया उंचवाव्यात, याला विनोद म्हणावे की विस्मरण, हे वाचकांनीच ठरवावे.

आता, हे दावेदार कोण याचेही स्मरण असलेले बरे. १८३५ साली मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली, आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हातांची गरज पडली. त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलास’ नावाचे जहाज ३६ मजूर घेऊन कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरात लागले होते. पुढल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत जवळजवळ साडेचार लाख भारतीय माणसे करारावर सही किंवा अंगठा करून त्या बेटावर उतरली. ‘ॲग्रिमेंट’ या शब्दाचे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि तीच त्यांची ओळख ठरली. बहुतेक मजूर कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांच्यात कोकणपट्टीतील माणसांचा भरणा मोठा. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरवून घेतली जात तो ‘आप्रवासी घाट’ २००६ सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

तेथील कारकुनांनी प्रत्येक मजुराची नोंद केली: नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, जिल्हा, गाव, आणि या सर्वांच्या डोक्यावर एक क्रमांक. ती दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन करून ठेवलेली आहेत. मराठी उच्चार न जाणणाऱ्या कानांनी ऐकून इंग्रजी वा फ्रेंच धाटणीने लिहिलेली ती नावे वाचताना आपल्यालाही क्षणभर अडखळावयास होते. तेथे आडनावाची चाल अशी पडली की, मूळ पुरुषाचे जे पहिले नाव तेच पुढल्या पिढ्यांचे आडनाव झाले. कोणाचा बापू, कोणाचा बाबाजी, एवढाच आता त्या घराण्याचा धागा. आपल्याजवळ ‘कर’ हा प्रत्यय तरी शिल्लक राहिला. त्यांच्याजवळ तोही राहू दिला गेला नाही. आणि तरीसुद्धा ते शोधीत येतात.

पहिला आक्षेप भाषेचा. मॉरिशसमध्ये घरोघरी क्रिओल बोलली जाते, हे खरे आहे. कोकणातून गेलेली माणसे मळ्यांवर भोजपुरी बोलणाऱ्या बहुसंख्यांत राहिली. प्रथम भोजपुरीने आणि पुढे क्रिओलने त्यांच्या बोलीची जागा घेतली. यात त्यांचा अपराध कोणता? परंतु याच लोकांनी जनगणनेत ‘पूर्वजांची भाषा’ असा रकाना आला तेव्हा त्यापुढे ‘मराठी’ असे लिहिले. आपल्या मुलांसाठी शाळांतून मराठी शिकण्याची सोय मिळविली. गणेशचतुर्थीस राष्ट्राची सार्वजनिक सुट्टी मिळाली. आणि आपली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने आजही गणपतीपुढे नाचली जाते. जी भाषा पोटापाण्यास उपयोगी नाही, बाजारात चालत नाही, ती केवळ ‘ही आजोबांची’ म्हणून शाळेत जाऊन अक्षर अक्षर शिकणे, याला आम्ही भाषेवरील निष्ठा म्हणतो. आता आक्षेपकांनी आपल्या घरात डोकवावे. मालवणी बोलणाऱ्या मुलास ‘नीट बोल’ म्हणून दटावणारे आईबाप कोणते? शाळेत मालवणी शब्द तोंडातून निसटला की हसणारा वर्ग कोणाच्या मुलांचा? मच्छिंद्र कांबळी यांनी ‘वस्त्रहरण’ नाटकातून ही बोली रंगभूमीवर गाजविली, तेव्हा आपल्याला तिचा अभिमान वाटू लागला. तोही बहुधा हसण्यापुरताच. पुढची पायरी म्हणजे आज मालवणीच काय, मराठीसुद्धा शाळेतून हद्दपार करून इंग्रजी माध्यमाकडे वळलेली आपली सुशिक्षित कुटुंबे. ज्याच्यापासून भाषा हिरावली गेली आणि जो ती परत मिळवू पाहतो तो परका. आणि ज्याला ती आयती मिळाली व ज्याने ती आपण होऊन टाकली तो मात्र घरचा! हा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाही.

दुसरा आक्षेप रक्ताचा. याला उत्तर देण्यास इतिहास नको, पाढे पुरेत. मनुष्यास दोन आईबाप, चार आजे-आज्या, आठ पणजे-पणज्या. याच हिशेबाने सातव्या पायरीस जाऊन पोचले की प्रत्येकाच्या वाट्यास १२८ पूर्वज येतात. आपल्यापैकी कितीजण त्या १२८ जणांची नावे सांगू शकतील? आपण जिला कुळाची परंपरा म्हणतो ती या १२८ वाटांपैकी एकच वाट, बापाच्या बापाची. उरलेल्या १२७ जणांना, आणि विशेषतः त्यांच्यातील सर्व स्त्रियांना, आपण सोयीस्करपणे विसरून गेलेलो असतो. तेव्हा ‘शुद्ध’ परंपरा अशी कोणाचीच नसते. असते ती निवडलेली परंपरा. आपण एक वाट निवडली, मॉरिशसच्या मराठी मनुष्यानेही एक वाट निवडली. फरक एवढाच की, आपली निवड आपल्या जन्माआधीच कोणी करून ठेवली होती आणि त्याने ती जाणून-उमजून केली. जाणून केलेल्या निवडीस कमी मोलाची म्हणावयाचे असेल, तर विवाहापेक्षा वारसाहक्क थोर असेही म्हणावे लागेल.

तिसरा आक्षेप हेतूचा, आणि तो सर्वांत क्षुद्र. या नोंदीने त्यांना मिळते काय? भारतात येण्याजाण्याची व राहण्याची मुभा, आणि काही सवलती. मताधिकार मिळत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे आपल्या काजूच्या बागांवर कोणी टोळधाड घालणार आहे, हे भय निराधार आहे. आणि समजा, एखाद्याचा हेतू लाभाचा असला, तरी तो आपल्याहून निराळा कसा? आपलीच मुले अमेरिकेचा परवाना मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत उभी राहतात. तेव्हा आपण त्याला कर्तबगारी म्हणतो. तो दाखला जाहीर होण्यापूर्वी पाऊणशे-शंभर वर्षे ज्यांनी गणपती बसविला, त्यांच्या गणपतीत कोणता लाभ होता, हेही आक्षेपकांनी सांगावे.

तिन्ही आक्षेप असे निकालात निघाले, तरी एक खरा प्रश्न उरतोच: मग वाटेल त्याने वाटेल त्या वंशाचा दावा करावा काय? तसे आम्ही म्हणत नाही. दाव्याची परीक्षा असावी. पण ती कशाने करावी हे ठरविण्यास आपल्याच परंपरेने दिलेला एक जुना शब्द पुरेसा आहे. मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणे माथ्यावर घेऊन, असे आपली शास्त्रे सांगतात. त्यांतील एक पितरांचे. हा शब्द योजणाऱ्यांच्या सूक्ष्म दृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्यांनी पितृधन म्हटले नाही, पितृऋण म्हटले. धन असते तर त्याच्या वाटण्या, फारकती आणि दावे आले असते. ऋण आहे म्हणून ते कोणास नाकारताही येत नाही आणि देऊ करताही येत नाही. फेडणे एवढेच हाती उरते. ऋणको आपण होऊन दारात यावा, ‘मी तुमचे देणे लागतो’ असे म्हणावा, आणि धनकोने त्यास ‘तू ऋणको नव्हेसच’ म्हणून हाकलून द्यावे, असा सावकार जगात कोणी पाहिला आहे काय? आपले विद्वान नेमके हेच करीत आहेत.

फेडण्यानेच नाते सिद्ध होते याचा धडधडीत दाखला आपल्याच कोकणात घडला आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असे बेने इस्रायली सांगतात. शेकडो वर्षे ते कोकणात राहिले. भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली ‘कर’ची, धंदा तेल गाळण्याचा. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले ते याचमुळे. हिब्रू ते विसरले होते, ग्रंथ हरवले होते. राहिला होता तो एक पाळलेला दिवस, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि प्रार्थनेचे काही शब्द. १९४८ साली इस्रायल राष्ट्र जन्मास आल्यावर हजारो बेने इस्रायली तिकडे गेले, आणि तेथे काय झाले? १९६२ साली तेथील धर्मपीठाने फर्मान काढले की, यांचे विवाह लावण्यापूर्वी यांच्या मागल्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी परक्या मुलखात, कोणी न सांगता, शनिवार पाळला त्यांना शनिवारचे मालक म्हणविणारे विचारू लागले: ‘तुम्ही आमचे कशावरून?’ त्या माणसांनी धरणे धरले, निदर्शने केली. १९६४ साली इस्रायलच्या लोकसभेने हस्तक्षेप केला, आणि धर्मपीठास ते फर्मान मागे घ्यावे लागले.

ही हकीकत वाचून मराठी मनुष्यास धर्मपीठाचा राग येतो आणि बेने इस्रायलींचा कैवार घ्यावासा वाटतो. येणारच, ते आपले शेजारी. पण तोच मनुष्य मॉरिशसच्या पाहुण्यापुढे स्वतः धर्मपीठ होऊन बसतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. सात जोडप्यांची कथा इतिहासाच्या कसोटीस उतरते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. शनिवारी न फिरलेला घाणा हा कोणत्याही वंशावळीपेक्षा मोठा पुरावा होता. कारण त्या दिवशीच्या कमाईवर पाणी सोडून त्यांनी आपले ऋण आठवड्याआठवड्याला फेडले होते.

हीच कसोटी लावली म्हणजे दुसऱ्या बाजूचे खोटे दावेही उघडे पडतात, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख एकांगी ठरेल. ते दावे मॉरिशसहून येत नाहीत, मुंबईहून येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती; २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. साऱ्या देशाची संख्या वाढत असता हा जिल्हा घटला. मुंबईच्या गिरण्यांनी पिढ्यान् पिढ्या येथील माणसे ओढून नेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या, तरी माणसे परतली नाहीत. या चाकरमान्यांविषयी अनादराने बोलण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांच्या मनिऑर्डरींवर येथील चुली पेटल्या आहेत, आणि गणपतीस व आंगणेवाडीच्या जत्रेस येणारी त्यांची गर्दी हाच पुष्कळ गावांचा प्राण आहे. परंतु त्यांच्या मुलानातवांत एक वर्ग असा निपजला आहे की, त्यास गाव हवा तो फक्त सातबाऱ्यावर. एकेका घराच्या उताऱ्यावर चाळीस-चाळीस नावे. त्यांतील अडतीस मुंबई-पुण्यास. वासा मोडला, भिंत खचली, तर पदरमोड करण्यास त्यांतील कोणी येत नाही. पण गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या चुलत्याने दुरुस्तीसाठी संमती मागितली, तर सही देण्यासही कोणी येत नाही. ‘आमचाही हिस्सा आहे’ एवढेच उत्तर. घर पावसात विरघळते, हिस्सा शाबूत राहतो. हा ऋणाचा स्वीकार नव्हे. ही केवळ वसुली. दीड हजार कोसांवरून क्रमांकाचा कागद घेऊन आलेला मनुष्य आणि रेल्वेने रात्रीत पोचणारा हा हिस्सेदार, या दोघांत मालवणी कोण, हे आक्षेपकांनी छातीवर हात ठेवून सांगावे.

वसुलीचाच आणखी एक प्रकार म्हणजे पुतळे. एप्रिल २०२३ मध्ये मॉरिशसमध्ये शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले, आणि त्याच वर्षीच्या ४ डिसेंबरला आपल्या मालवणात राजकोटावर दुसऱ्या पुतळ्याचे. मालवणचा पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला, आणि २०२५ साली तेथे नवा उभारावा लागला. समोरच कुरटे बेटावर १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग साडेतीनशे पावसाळे अंगावर घेऊन उभा आहे. महाराजांचा वारसा सांगण्याची घाई झाली म्हणजे काय होते आणि त्यांच्यासारखे काम केले म्हणजे काय उरते, हे एकाच ठिकाणी उभे राहून पाहावयाचे असेल त्याने मालवणास यावे. परदेशस्थ बांधवांनाही आमचे सांगणे हेच: पुतळ्यांनी नाते जुळत नाही; तुमच्या शाळेतील मराठीच्या वर्गाने आणि तुमच्या झाकरीने ते आधीच जुळलेले आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा, जो आक्षेपक कधी बोलून दाखवीत नाहीत. समजा, पाहुणा आला, क्रमांक जुळला, गाव सापडले. गावात त्यास पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल? ‘कुठल्या वाडीतले?’ आणि या प्रश्नाचा अर्थ कोकणात जन्मलेल्या कोणासही समजावून सांगावा लागत नाही. दप्तरात जातीचा रकाना आहे हे आम्ही वर सांगितलेच. ज्या मनुष्याने जहाजावर पाय ठेवला त्याच्या मनात पोटाच्या भुकेबरोबर आणखी कोणती भूक होती, याचा विचार आपण कधी केला आहे काय? जहाजात पंगत एक, पाणी एक. बरोबर आलेले सारे ‘जहाजी भाई’. गावऱ्हाटीत ज्याचा मान देवळाच्या पायरीबाहेर संपत होता, त्यास समुद्राच्या पलीकडे मळेवाल्याचा चाबूक भोगावा लागला हे खरे. पण त्याची नातवंडे गणपतीची मूर्ती स्वतःच्या हातांनी पाटावर ठेवू लागली हेही तितकेच खरे. आता तीच नातवंडे मूळ गाव शोधीत येतील, तेव्हा आपण त्यांना कोणता गाव दाखविणार? खापरपणजोबास जेथवर येऊ दिले होते तेथवरच नेऊन थांबविणार काय? रक्ताचा व भाषेचा जो आक्षेप एवढ्या हिरीरीने मांडला जातो, त्याच्या बुडाशी कित्येकदा हीच धास्ती दडलेली असते: आलेला मनुष्य कोणत्या वाडीतला निघेल कोण जाणे! त्यापेक्षा तो आपला नव्हेच असे ठरविणे सोपे. म्हणून आम्ही म्हणतो, ऋण दुहेरी आहे. त्याचे देणे पूर्वजांस आहे. आपले देणे त्याला आहे. तो गेला तो हौसेने गेला नाही. दुष्काळ, कर्ज आणि जात यांनी त्यास धक्क्यावर लोटले, आणि लोटणाऱ्या हातांत आपल्या पणजोबांचे हात नव्हते असे शपथेवर सांगण्यास आम्ही तरी तयार नाही.

करावयाचे काय, तेही सांगून टाकतो. गावोगावची जुनी दप्तरे, देवस्थानांच्या मानापानाच्या याद्या, जुने खासरे आणि फाळणीची कागदे वाळवीच्या स्वाधीन न करता त्यांच्या नकला करून ठेवाव्यात. आमच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या व मराठीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या टिपणांऐवजी हे काम द्यावे: मोक्याच्या दप्तरातील विकृत झालेली गावांची नावे ओळखून ती नकाशावर बसविणे. जो मालवणीचा कान घेऊन जन्मला त्यालाच हे साधेल. मॉरिशसच्या कारकुनास साधले नाही. आणि पाहुणा दारात आला तर त्यास जात विचारण्याआधी पाणी विचारावे. त्याच्याकडूनही आपण एक मागावे, आणि हक्काने मागावे: येथून जाताना त्याने गावाची दोन-चार वाक्ये शिकून न्यावीत आणि मुलांना शिकवावीत. एवढा हप्ता त्यास जड जाऊ नये.

ग्रामदेवतेपुढे जे गाऱ्हाणे घातले जाते त्यात गावच्या वेशीबाहेर गेलेल्या लेकरांचेही क्षेम मागण्याची आपली रीत आहे. किती पिढ्यांपर्यंत, अशी अट त्यात कोणी घातलेली ऐकिवात नाही. पितृपक्षात आपण ज्यांची नावे ठाऊक नाहीत अशा पितरांसाठीही पाण्याची ओंजळ सोडतो. नाव नसलेल्या मेलेल्यांना आपण नाकारीत नाही. मग त्यांचेच नाव घेऊन दारात उभ्या राहिलेल्या जिवंत माणसास नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?